पट्टीची गाठ आणि विणकराची गाठ

दोन दोर जोडायचे म्हटलं की बहुतेक लोक एकच गाठ मारतात. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. इंग्रजीत ती रीफ नॉट. स्काउटच्या हिंदी पुस्तकांत तिला ‘डॉक्टरी गाँठ’ म्हणतात, कारण जखमेच्या पट्टीला ती उत्तम. सपाट बसते, टोचत नाही, हवी तेव्हा चटकन सुटते. पण दोर जोडून त्यावर भार टाकायचा असेल तर हीच गाठ धोक्याची. एक दोर जाड आणि दुसरा बारीक असला की ती पलटी खाते आणि निसटते. गाठींवरचा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या क्लिफर्ड अॅश्लीने 1944 सालीच बजावलं होतं, की दोर जोडायला ही गाठ वापरल्याने जेवढे जीव गेले, तेवढे इतर अर्धा डझन गाठी मिळूनही गेले नसतील.

जाड-बारीक दोरांसाठी वेगळी गाठ आहे. तिची घडण विणकराच्या गाठीचीच. हिंदी स्काउट तिला ‘जुलाहा गाँठ’ म्हणतात. यात दोन्ही दोर सारखं काम करत नाहीत. आधी जाड दोर स्वतःला वाकवून फासा करतो. मग बारीक दोर त्यातून वर येतो, मागून वळसा घेतो आणि स्वतःच्याच खाली अडकतो. भार वाढेल तशी पकड घट्ट होते. ताण्याचा धागा तुटला की विणकर हीच गाठ मारतो, कारण ती इतकी लहान बसते की फणीतून विनासायास जाते.

नागपूरला ही गाठ कुणी शिकवायची गरज नाही. मोमिनपुऱ्याचं नावच विणकर मोमिनांवरून पडलं. इकडे मोमिन, तिकडे तांडापेठ-पाचपावलीचे हलबा-कोष्टी. माग सारखाच, गाठही तीच. ‘जुलाहा’ हा शब्द आपल्याच शरीफ म्हणवणाऱ्यांनी शिवीसारखा वापरला, तरी गाठीच्या नावात तो मानाने टिकला आहे.

17 मार्च 2025 च्या संध्याकाळी याच शहरात महाल आणि हंसापुरीत दगडफेक, जाळपोळ झाली. संचारबंदी लागली. एकाचा जीव गेला. अशा वेळी शांतता समित्या बसतात आणि ‘दोन्ही बाजूंनी संयम पाळावा’ असं सांगतात. मी याची टिंगल करत नाही. रक्त वाहत असताना पट्टीच बांधावी लागते. माझी तक्रार पुढची आहे. पट्टीची गाठ आपण जोडणीची गाठ समजतो आणि घरी जातो. दोन्ही बाजूंना सारखं बोलणं न्यायाचं वाटतं खरं, पण बाजूच सारख्या नाहीत. 24 मार्चला खटला चालण्याआधीच एका आरोपीचं घर पाडलं गेलं. पुढच्या पाडकामाला त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली. बुलडोझरसमोर उभ्या कुटुंबाला ‘तुम्हीही संयम पाळा’ म्हणणं, ही बारीक दोराला मारलेली डॉक्टरी गाठ आहे.

कुरआनच्या सूरह नहलमधली 92 वी आयत आपल्याकडे वचनपालनाच्या प्रवचनात येते. मजबूत कातलेलं सूत स्वतःच उसवणाऱ्या बाईचा तिथे दाखला आहे. पण त्याच आयतीतला पुढचा भाग क्वचितच कुणी समजावून सांगतो. एक गट दुसऱ्यापेक्षा संख्येने वरचढ आहे म्हणून शपथांना फसवणुकीचं साधन करू नका, असा त्याचा आशय. करार उसवतो तो जाड-बारीकच्या फरकाने, हे तिथे स्पष्ट आहे. आणि हा हुकूम आपल्यालाही लागू आहे. जिथे आपण जाड आहोत तिथे, म्हणजे घरातल्या बाईसमोर, बिरादरीतल्या गरिबासमोर, आधी आपण वाकायचं.

जाड दोर वाकला म्हणजे तुटला नाही. 1908 साली राजे रघुजीराव भोसल्यांनी ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून आणून शक्करदऱ्याच्या वाड्यात ठेवलं. भोसल्यांचं त्यात काही कमी झालं नाही. ताजबागेत आजही सगळ्या धर्मांचे लोक जातात.

मात्र गाठीत बारीक दोराला सुटी नाही, उलट वळसे त्यालाच जास्त घ्यावे लागतात. फरक फार असेल तर एक वळसा आणखी. मराठी आपली म्हणून बोलणं-लिहिणं, शेजारच्या मोहल्ल्याच्या अडचणीत जाणं, आपल्या पोरांच्या हातातला दगड आपणच काढून घेणं, हे वळसे आपलेच आहेत. त्यात कुचराई करून ‘आधी त्यांनी वाकावं’ म्हणत बसलो तर फासा रिकामाच राहील.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की शांतता समितीची बैठक दंगल नसलेल्या महिन्यातही व्हावी. विषय सणांच्या मिरवणुकीपुरते नकोत. नाव ऐकून भाड्याने घर का नाकारलं जातं, नुकसानभरपाई आणि कारवाई दोन्हीकडे एकाच मापाने होते का, हे तिथे विचारलं जावं. पहिला प्रश्न मोठ्या समाजाच्या माणसाने विचारावा. उत्तर शोधायला उन्हातान्हात फिरण्याचं काम आपण करू.