गोवराचा दुसरा डोस आणि आपली जबाबदारी



२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवराची मोठी साथ आली. गोवंडीच्या वस्त्यांतली लेकरे चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखल होत होती; काही दगावली. साथ ओसरली, बातम्या थांबल्या. पण परिचारिका म्हणून काम केलेल्या आम्हा बायांना ठाऊक आहे, की गोवराचा हिशेब तिथे मिटत नाही.

गोवर झालेल्या साधारण हजारात एका मुलाच्या मेंदूला त्याच सुमारास सूज येते. झटके येतात, मूल गुंगीत जाते, कधी कायमचे अपंगत्व येते. दुसरा आजार उशिरा येतो. विषाणू मेंदूत दडून राहतो आणि बहुधा सात ते दहा वर्षांनी डोके वर काढतो. बरे शिकणारे मूल अभ्यासात मागे पडते, अंगाला हिसके बसतात, मग बोलणे-चालणे जाते. डॉक्टर याला एसएसपीई म्हणतात. तो विरळा आहे, पण बरा करणारे औषध नाही. अगदी लहानपणी गोवर झालेल्यांना धोका अधिक. म्हणजे २०२२ च्या साथीचा खरा हिशेब २०२९ नंतर कळेल.

उपाय एकच, लस. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. महापालिकेच्या दवाखान्यात मोफत. "एकदा टोचलंय की" म्हणून किंवा कार्ड हरवले म्हणून दुसरा डोस राहतो. बीडीडी चाळीतून संक्रमण शिबिरात गेलेल्या आईला नवी आरोग्यसेविका कोण, हे कोणी सांगायचे? आईला दोष देणे सोपे आहे. आमचे म्हणणे, घरे हलवणाऱ्यांनी लसीकरणाची यादीही सोबत हलवावी.

आपणही आपले काम करू. गोवर म्हणजे देवीचा कोप नव्हे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने कडुलिंबाच्या पाल्यावर थांबू नये. गोवरात झटके, गुंगी, धाप दिसली किंवा मूल पाणी पिईना, तर तडक रुग्णालय गाठा.

बाबासाहेब आणि रमाईंनी चार लेकरे गमावली. ते दुःख आपण जाणतो. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे कार्ड तपासा. राहिलेला डोस अजून मिळतो. नऊ महिन्यांखालचे तान्हे बाळ तर शेजारच्या मुलांच्या लशीवरच सुरक्षित असते. आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा करणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!