मोटारीच्या खोलीत माणूस

विट्यात नवे घर बांधायचे म्हटले की तळमजल्यावर मोटारीची जागा आलीच. गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली इथली कुटुंबे सणासुदीला, जत्रेला गावी येतात; त्यांच्या गाडीसाठी शटर लावलेले गॅरेज असते. वर्षाचे बाकी दिवस ते रिकामेच. इकडे म्हाताऱ्या आईला जिना चढवत नाही, धाकट्याचे लग्न ठरलेले असते. मग शटर निघते, भिंत उठते, कोब्यावर फरशी बसते आणि गॅरेजची खोली होते. घर आपले, पैसा आपला; त्यात नगरपरिषदेला काय विचारायचे?

विचारायला हवे, असे कायदा सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या लेखी ‘विकास’ म्हणजे केवळ नवे बांधकाम नव्हे. इमारतीच्या वापरातला बदलही त्यात येतो. त्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करावा लागतो. तो न करता काम केले, तर कलम ५३ ची नोटीस दारात येऊ शकते. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार वाहनतळाची जागा चटई क्षेत्रात धरली जात नाही, राहती खोली मात्र धरली जाते. म्हणजे चटई क्षेत्र शिल्लक असेल आणि गाडीसाठी आवारात दुसरी जागा दाखवता येत असेल, तरच वाट मोकळी.

हे सारे कागदी वाटेल. पण राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर हवी, गॅरेजला २.४ मीटर चालते. या दीड वितीच्या फरकात चैत्र-वैशाखातला उकाडा मावतो. गॅरेजला बहुधा खिडकी नसते, जोते रस्त्याच्या पातळीला असते आणि वळवाचे पाणी थेट आत येते. मोटारीला त्याचे काही वाटत नाही. तिथे झोपणाऱ्या सत्तरीतल्या आईला वाटते. नकाशा तपासणारा अभियंता खरे तर तिच्या वतीने प्रश्न विचारत असतो.

दुसरा वाटेकरी रस्ता. घराबाहेर काढलेली गाडी अखेर गल्लीतच उभी राहते. गुहागर-विजापूर महामार्ग ज्या गावातून जातो, तिथे गल्ल्याही तुंबल्या तर रुग्णवाहिकेने जायचे कुठून? मुंबईच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला की, इमारतीखालची वाहनांची जागा बिल्डरला गॅरेज म्हणून वेगळी विकता येणार नाही. ती सामायिक आहे. बंगल्याला तो निकाल लागू नाही. पण वाहनतळ ही एकट्याची बाब नाही, हा त्यातला विचार लहान गावालाही लागू पडतो.

तरीही सारा दोष नागरिकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. लोक परवानगी टाळतात ती बहुधा लबाडीने नव्हे, हेलपाट्यांच्या धास्तीने. एका खोलीसाठी कुठले कागद, किती शुल्क, किती दिवस, हे साध्या मराठीत एका पानावर छापून नगरपरिषदेच्या दारात लावायला काय हरकत आहे? २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील लोकसंख्येच्या शहरांत विटा देशात पहिले आले. ज्या गावाने कचरा वेगळा करायला घराघराला शिकवले, त्याला हे अवघड नाही.

आईसाठी तळमजल्यावर खोली जरूर करावी. मात्र ती माणसाच्या मापाची असावी.