‘लोगन’चा धडा : समीक्षकांची पसंती आणि ग्राहकांचा हिशेब

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील उपकरही गेला. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या त्यामुळे स्वस्त झाल्या. मोठ्या, उंच गाड्यांच्या लाटेत मागे पडलेल्या छोट्या मोटारीविषयी पुन्हा चर्चा सुरू झाली. छोटी मोटार चांगली की वाईट हे ठरवायचे कोणी आणि कोणत्या मापाने, हा जुना प्रश्नही त्याबरोबर वर आला. वाहन समीक्षक एक सांगतात आणि ग्राहक दुसरेच काही विकत घेतात, हे चित्र आपल्याकडे नवे नाही. या विसंवादाचे सर्वांत बोलके उदाहरण नाशिकमध्येच घडले आहे.

ते उदाहरण म्हणजे ‘लोगन’. महिंद्र आणि फ्रान्सची रेनॉ या कंपन्यांनी ५१ आणि ४९ टक्के भागीदारीत उभ्या केलेल्या संयुक्त कंपनीची ही पहिली मोटार. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील महिंद्रच्या कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले आणि एप्रिल २००७ मध्ये ती बाजारात आली. वर्षाला पन्नास हजार गाड्यांची क्षमता त्यासाठी उभारण्यात आली होती. स्कॉर्पिओ आणि बोलेरोमुळे जीपवर्गीय वाहनांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाशिकला प्रवासी मोटारींच्या नकाशावर नेणारी ही घटना होती. साहजिकच शहराच्या अपेक्षाही मोठ्या होत्या.

लोगनची मूळ कल्पना काटकसरीची. रेनॉने २००४ मध्ये रुमानियातील आपल्या डाचिया या कंपनीमार्फत पाच हजार युरोंची मोटार म्हणून ती मांडली. काच कमी वक्र, कारण सरळ काच स्वस्त पडते. दोन्ही बाजूंचे आरसे सारखेच, म्हणजे वेगळे साचे नकोत. डॅशबोर्ड साधा, जोड कमीत कमी. मात्र जिथे पैसा लावायचा तिथे तो लावलेला होता. मागच्या सीटवर तिघे मोकळेपणाने बसतील एवढी रुंदी, ५१० लिटरची डिकी, खराब रस्ते पचवणारे सस्पेन्शन आणि दीड लिटरचे काटकसरी डिझेल इंजिन. भारतातील प्रारंभीची किंमत सव्वाचार लाखांच्या आसपास होती. समीक्षकांनी रूपाबद्दल आणि आतील साधेपणाबद्दल नाके मुरडली खरी, पण प्रशस्तपणा, मजबुती आणि पैशाचा मोबदला या बाबतींत तिची तारीफच केली. समंजस माणसाची गाडी, असा एकूण सूर होता.

समंजस माणसाने मात्र ती घेतली नाही. सुरुवातीचा काळ बरा गेल्यावर मागणी ओसरली. एप्रिल २०१० मध्ये भागीदारी मोडल्याचे जाहीर झाले आणि रेनॉचा हिस्सा महिंद्रने घेतला. २०११ मध्ये गाडीचे नाव ‘व्हेरिटो’ झाले. २०१३ मध्ये मागचा भाग कापून चार मीटरच्या आत बसवलेली ‘व्हेरिटो व्हाइब’ आली. तीही चालली नाही. लोगनवर मनापासून प्रेम केले ते टॅक्सीचालकांनी. डिझेलचा खर्च कमी, डिकीत सामान भरपूर आणि दिवसभर चालवून दमत नाही, हे त्यांना पुरेसे होते. पण गाडीवर एकदा ‘टॅक्सी’चा शिक्का बसला की आपल्याकडे घरगुती ग्राहक तिच्याकडे वळत नाही.

या अपयशाचे एक कारण कराचे होते, हे मान्य केले पाहिजे. फेब्रुवारी २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतील छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. सव्वाचार मीटर लांबीची लोगन या सवलतीत बसत नव्हती. स्पर्धकांनी मात्र हे माप ओळखून गाड्या आखल्या. टाटांची इंडिगो सीएस २००८ मध्ये चार मीटरच्या आत आली, मारुतीची डिझायर २०१२ मध्ये. तरीही सगळा दोष करावर टाकता येत नाही. त्याचा पुरावा खुद्द रेनॉनेच दिला. जुलै २०१२ मध्ये आलेली ‘डस्टर’ ही लोगनच्याच मूळ सांगाड्यावर बेतलेली आणि त्याच घराण्यातील दीड लिटरचे डिझेल इंजिन असलेली गाडी. तीही चार मीटरपेक्षा लांब, म्हणजे कराची सवलत तिलाही नव्हती. किंमत सात लाखांच्या पुढे. ती मात्र लोकांनी रांगा लावून घेतली. हाडे तीच, अंगरखा वेगळा. काटकसर दिसत होती तेव्हा ग्राहकाने पाठ फिरवली आणि ती रुबाबाखाली झाकली गेली तेव्हा जास्त पैसे मोजले.

समीक्षकांना दिखाऊ, वेगवान गाड्या आवडतात आणि ग्राहकाला उपयुक्त हवी असते, असा सर्वसाधारण समज आहे. लोगनच्या बाबतीत नेमके उलट घडले. उपयुक्ततेची बाजू समीक्षकांनी घेतली आणि रूपाची ग्राहकांनी. टाटांच्या ‘नॅनो’चेही तेच झाले. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती सादर झाली तेव्हा जगभर कौतुक झाले. २०१० चा ‘इंडियन कार ऑफ द इयर’ हा वाहन पत्रकारांचा पुरस्कारही तिला मिळाला. पुढच्या वर्षी तो फोर्डच्या ‘फिगो’ला मिळाला. नॅनोचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले आणि फोर्डने २०२१ मध्ये भारतातील मोटार उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. नॅनोवर लागलेला ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्काच चुकला, हे रतन टाटा यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले होते.

म्हणून ग्राहक अडाणी किंवा केवळ दिखाव्याचा भुकेला असे समजणे अन्यायाचे होईल. दोघांची मापे वेगळी आहेत आणि त्याचे कारण दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. समीक्षकाला गाडी कंपनीकडून मिळते, तीही चांगल्या स्थितीत आणि थोड्या दिवसांसाठी. तो बहुधा एकटा किंवा छायाचित्रकाराला घेऊन ती चालवतो. इंजिनाचा प्रतिसाद, गिअरची सहजता, वळणावरील पकड, प्लॅस्टिकचा दर्जा हे त्याला जाणवते आणि तो ते प्रामाणिकपणे लिहितो. त्याची तुलना असते ती त्याच किमतीतल्या दुसऱ्या नव्या गाडीशी.

ग्राहकाची तुलना त्याच्या आयुष्यात आधीच असलेल्या गोष्टींशी असते. पहिली मोटार घेणारा ती आपल्या स्कूटरशी ताडून पाहतो, नाहीतर त्याच पैशांत मिळणाऱ्या जुन्या पण मोठ्या गाडीशी. दुसरी मोटार घेणारा ती शेजाऱ्याच्या नव्या गाडीशी पडताळतो. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारा कामगार पाच-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतो. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार हंगाम साधला तर गाडी घेतो, आणि पुढच्या वर्षी गारपीट झाली तर तीच विकून पैसे उभे राहतील का, हेही पाहतो. त्याच्या लेखी मोटार हे वाहन आहे, तशीच अडीअडचणीला मोडता येणारी वस्तूही आहे. लग्नाच्या बोलण्यांत, बँकेच्या दारात, गावच्या जत्रेत ती त्याची पतही सांगते. समीक्षकाला गाडी परत करायची असते, ग्राहकाला ती नांदवायची असते.

छोट्या मोटारीच्या ग्राहकाचे प्रश्न म्हणूनच ठरलेले असतात. ॲव्हरेज किती? सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात का? सर्व्हिसिंगला किती खर्च येतो? विकताना काय येईल? त्यांपैकी पहिल्याच प्रश्नावर जाहिराती आणि परीक्षणे भरभरून बोलतात, बाकीच्यांवर जेमतेम. वास्तविक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणाऱ्या माणसाला लिटरमागे १८ ऐवजी २० किलोमीटर मिळाले, तर सुमारे ६७ लिटर पेट्रोल वाचते. शंभर रुपये दर धरला तर वर्षाला साधारण ६,७०० आणि सात वर्षांत ४७ हजार रुपये. पण त्याच गाडीला विकताना पन्नास हजार कमी आले, तर ही सगळी बचत एका व्यवहारात जाते. सेवा केंद्रांचे जाळे आणि जुन्या गाडीचा भाव पाहून मारुतीकडे वळणारा ग्राहक अशा प्रकारे इंजिनापेक्षा भरवसा विकत घेत असतो.

‘वॅगन आर’ याची साक्ष देते. १९९९ च्या अखेरीस आलेल्या या चौकोनी गाडीला खोका म्हणून हिणवले गेले होते. लोगनही खोकाच, पण वॅगन आर टिकली, कारण उंच बैठक, सहज आतबाहेर करता येणे, आखूड लांबी आणि मागे उभे असलेले मारुतीचे जाळे. २०२१-२२ ते २०२४-२५ अशी सलग चार आर्थिक वर्षे ती देशात सर्वाधिक विकली गेलेली मोटार ठरली. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना न वाकता बसता येते, हा गुण परीक्षणाच्या गुणपत्रिकेत क्वचितच दिसतो, घरात मात्र त्यावरच निर्णय होतो.

ग्राहकाचा हिशेब असा पक्का असला तरी त्यात एक मोठे भगदाड आहे, ते सुरक्षिततेचे. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने अल्टो ८००, आय-टेन, फिगो, पोलो आणि नॅनो यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांची धडक चाचणी घेतली. पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. पोलोचा सांगाडा मात्र टिकला आणि दोन एअरबॅग असलेल्या तिच्या आवृत्तीला चार तारे मिळाले. गाडी चालवून पाहून हे समीक्षकालाही कळत नाही आणि शोरूममध्ये दार आपटून पाहणाऱ्या ग्राहकालाही कळत नाही. लागोपाठ विक्रीत पहिली येणाऱ्या वॅगन आरला २०२३ च्या चाचणीत प्रौढांसाठी एकच तारा मिळाला होता. तिला सरसकट सहा एअरबॅग मिळायला २०२५ उजाडले.

स्कूटरवर चौघांनी जाण्यापेक्षा एक ताऱ्याची गाडीही बरी, हा युक्तिवाद इथे हमखास केला जातो. रतन टाटांना नॅनो सुचली तीही पावसात दुचाकीवरून जाणारे कुटुंब पाहून. युक्तिवाद शहरापुरता खरा आहे. पण स्कूटरवरचे कुटुंब कॉलेज रोडवरून पंचवटीत जाते, कसारा घाट उतरून मुंबईला जात नाही. मोटार आली की तेच कुटुंब मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रकांच्या शेजारून ऐंशी-शंभरच्या वेगाने निघते, सुट्टीत वणीच्या गडावर जाते. गाडीबरोबर प्रवासाचे अंतर वाढते, वेग वाढतो आणि धोकाही वाढतो. स्कूटरशी केलेली तुलना या ठिकाणी फसवी ठरते आणि समीक्षकाने केलेली दुसऱ्या मोटारीशी तुलनाच कामाची ठरते.

छोट्या गाडीला सुरक्षित करता येत नाही, हेही खरे नाही. नाशिकमध्येच तयार झालेल्या, चार मीटरच्या आतल्या महिंद्र एक्सयूव्ही ३०० ला २०२० मध्ये पाच तारे मिळाले. २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरने तेच साधले. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची चाचणी पद्धतही सुरू झाली आहे. ताऱ्यांचा आकडा जाहिरातीत झळकू लागल्यापासून ग्राहकही त्याविषयी विचारू लागला आहे. म्हणजे माहिती समजेल अशा रूपात मिळाली की तो आपले माप बदलतो.

समीक्षकांनीही आपले माप थोडे बदलायला हवे. छोट्या मोटारीचे परीक्षण पाच माणसे, सामान आणि चालू एसी घेऊन घाट चढून व्हावे. तीन वर्षांनी तीच गाडी पुन्हा पाहावी, तिचा देखभाल खर्च आणि बाजारातील भाव मांडावा. ग्राहकाने ॲव्हरेजच्या प्रश्नाआधी ताऱ्यांचा प्रश्न विचारावा, आणि सर्वांत खालच्या आवृत्तीबद्दल विचारावा, कारण बहुतेकदा खिशाला परवडते ती तीच. करकपातीने वाचलेले काही हजार रुपये मोठ्या पडद्याच्या टचस्क्रीनवर खर्च करायचे की जास्त तारे मिळवलेल्या गाडीवर, हा निर्णय शोरूममधल्या पहिल्या दहा मिनिटांत होतो. तो घरून ठरवून गेलेला बरा.