बारसं कोणी करायचं?

डोंगर लाखो वर्षांचा, पायथ्याचं गाव शेकडो वर्षांचं, आणि नाव कुणाचं? तर सर्वांत उशिरा आलेल्या साहेबाचं! खंडाळ्याच्या नागफणीत कुणाला तरी ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं आणि ती झाली ‘ड्यूक्स नोज’. महाबळेश्वरला १८२४ साली लॉडविक साहेब चढला, म्हणून लॉडविक पॉइंट. जणू त्याआधी तिथे फक्त माकडंच होती.

एव्हरेस्टचा किस्सा तर कहर आहे. १८५६ साली अँड्र्यू वॉ याने १५ क्रमांकाच्या शिखराला आपल्या जुन्या साहेबाचं नाव सुचवलं. कारण काय, तर म्हणे स्थानिक नाव सापडत नाही! तिकडे तिबेटी लोक त्याला चोमोलुंगमा म्हणत होते. खुद्द एव्हरेस्टनेच हरकत घेतली होती, तरी १८६५ साली शिक्का बसलाच.

साहेबाला शिव्या घालणं सोपं आहे हो. पण आपण वीकेंडवाले काय वेगळं करतोय?

जुन्नरचा नाणेघाट घ्या. दोन हजार वर्षांची वाट. १८२८ मध्ये कर्नल सायक्सने तिथल्या लेण्यातला शिलालेख ‘शोधला’, पण घाटाचा ‘सायक्स पॉइंट’ झाला नाही हे आपलं नशीब. आज मात्र निम्मं पब्लिक तिथे ‘रिव्हर्स वॉटरफॉल’ला जातं. अरे, पावसाळ्यात कोकणातून वारा उसळला की पाणी उलटं उडतं, ते सह्याद्रीच्या कितीतरी कड्यांवर. आंबोलीलाही उडतं. म्हणजे हे नाव युनिकसुद्धा नाही! असली प्रायमरी की कोडमध्ये टाकली तर टीम लीड जीव घेईल. :-)

आता आंबेगाव तालुक्यातला आहुपे घाट बघा. आहुपे गावातून उतरणारी वाट, म्हणून आहुपे घाट. नावातच पत्ता आहे. धुक्यात वाट चुकलात आणि फोनवर ‘रिव्हर्स वॉटरफॉलजवळ’ म्हणालात, तर शोधणाऱ्यांनी कुठला कडा धरायचा? तुम्हाला शोधायला येतात ती गावातली माणसं, आणि त्यांच्या डोक्यातला नकाशा त्यांच्या नावांचा असतो.

कोणी म्हणेल, सोपं नाव असलं की पर्यटक येतात, गावाला चार पैसे मिळतात. मान्य. पण पर्यटक येतो तो धबधबा बघायला. ‘नाणेघाट’ म्हटल्याने कुणाची जीभ वळायची थांबत नाही.

नाव किती चिवट असतं, ते याच भागात दिसतं. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, पण नाव टिकलं आंबेगावचंच. नाणेघाटाच्या लेण्यातले सातवाहनांचे पुतळे गेले, वर कोरलेली नावं राहिली. एवढं टिकाऊ काही आपण एका क्लिकमध्ये पुसतोय. दुसऱ्याच्या कोडमधलं व्हेरिएबल न विचारता रिनेम करत नाही ना आपण? मग डोंगराला वेगळा न्याय का?

तेव्हा मंडळी, नकाशावर पिन टाकायच्या आधी गावात जिथे चहा पिताय तिथल्या आजोबांना एवढंच विचारा, “बाबा, याला काय म्हणता तुम्ही?” सांगतील ते तसंच, देवनागरीत टाका. ‘स्थानिक नाव सापडत नाही’ हे वॉ साहेबाचं उत्तर झालं. आपल्याला ती भाषा येते, निदान आपण तरी ते देऊ नये.