बेसमेंटमधल्या बारची पहिली रेघ

न्यू जर्सीत एडिसन किंवा प्लेन्सबरोला मराठी घरी जेवायला गेलं की पानावरून उठल्यावर यजमान म्हणतात, ‘चला, खाली बेसमेंटमध्ये बसू या.’ जिना उतरावा तर खाली गणपतीच्या मखराचे खोके, तबल्याची जोडी, कॅरम बोर्ड आणि नाटकाच्या तालमीपुरती मोकळी ठेवलेली जागा. हल्ली अनेकांना त्याच जागेत एका भिंतीला बारही हवा असतो. तयार आणलेला नव्हे, तर सुताराकडून मापाने करून घेतलेला. सगळा खल होतो तो ग्रॅनाईटचा रंग आणि बाटल्यांमागचे दिवे यांवर. उशिरा निघणाऱ्या पाहुण्याने झोपायचं कुठे, हे मात्र आराखड्यात सहसा नसतं. खरं तर पहिली रेघ त्याच्या अंथरुणाची असायला हवी.

अमेरिकेच्या थंड भागात हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून घराचा पाया त्या गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर आणखी थोडं खणून अख्खा मजला का मिळवू नये, या हिशेबातून तिथे तळघरं रुजली. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात चोरून पिणं घरात आलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांतल्या घरांत तळघर ही करमणुकीची खोली झाली. मराठी माणसाला ती जागा आयती मिळाली आणि त्याने तिथे बैठकी भरवल्या.

बारची मापं ठरलेली आहेत. काउंटर ४२ इंच उंच, स्टूल ३० इंच, दर माणशी दोन फूट लांबी, आत उभं राहून ग्लास भरणाऱ्याला तीन फूट जागा आणि पाय टेकायला जमिनीपासून सात ते नऊ इंचांवर आडवी दांडी. चांगला सुतार ही मापं चुकत नाही. पण मराठीत पिण्याला ‘बसणं’ म्हणतात, ते उगाच नाही. आपली मैफल तीन-चार तास चालते. बिनपाठीच्या उंच स्टुलावर साठीच्या काकांची कंबर अर्ध्या तासात बोलू लागते आणि ‘मी आपला सोफ्यावरच बरा’ म्हणत ते गप्पांतून बाजूला पडतात. म्हणून काउंटरची एक बाजू नेहमीच्या टेबलाइतकी, ३० इंचांवर उतरवून घ्यावी. साधी खुर्ची ओढून काका तिथे बसतील, कोकम सरबत घेणाऱ्या मावशी बसतील, लाडू खाणारी नातही बसेल.

लाकडाला हात लावण्याआधी जमिनीची परीक्षा घ्यावी. ती अगदी सोपी आहे. दीड फूट लांब-रुंद, जाडसर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा काँक्रीटच्या फरशीवर अंथरायचा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहायचं. खालच्या बाजूला थेंब जमले असतील किंवा काँक्रीट काळपट पडलं असेल, तर ओल जमिनीतून वर येते आहे. अशा फरशीवर बसवलेलं कपाट तळापासून फुगतं, मागच्या भिंतीवर बुरशी धरते. परीक्षेला खर्च काहीच नाही, तरी ती क्वचितच केली जाते.

बारमागे छोटं सिंक हवंच असतं. तळघर अनेकदा मुख्य सांडपाणी नळाच्या खाली असतं, त्यामुळे ते पाणी पंपाने वर चढवावं लागतं. शिवाय पायाभोवती साचणारं पाणी बाहेर फेकणारा सम्प पंप असतो. तो विजेवर चालतो आणि मोठ्या वादळात आधी वीजच जाते. म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप घ्यायलाच हवा.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री ‘आयडा’ वादळाचे अवशेष न्यूयॉर्क-न्यू जर्सीवर कोसळले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस झाला. त्या शहरात ११ माणसं तळघरांतल्या घरांत बुडून मेली. त्यातली बहुतेक तळघरं माणसांनी राहावं अशी मंजुरी नसलेली होती. तळघरात माणूस निजवणं म्हणजे काय, हे त्या रात्रीने दाखवलं.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी आधाराला घेतलेली आदर्श बांधकाम संहिता सांगते की झोपायच्या खोलीला थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार हवं. खिडकीची मोकळी जागा निदान ५.७ चौरस फूट आणि तिची खालची कड खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. जुन्या तळघरात यासाठी पायाची भिंत कापावी लागते. धूळ, चिखल, मोठं काम. ते बार बसवण्याच्या आधीच उरकावं लागतं. नंतर कोणाचाच धीर होत नाही. हा खर्च नकोसा वाटत असेल, तर पाहुण्याचं अंथरूण वरच्या मजल्यावर नक्की करावं.

मग पाहुण्याला निजवायचं कशाला? कारण उपनगरात रात्री अकराला बस नसते आणि पाहुणा स्वतःची गाडी घेऊन आलेला असतो. १९८४ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘केली विरुद्ध ग्विनेल’ खटल्यात अशाच पाहुण्याबद्दल निकाल दिला. एका घरी पिऊन निघालेल्या पाहुण्याची गाडी समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली आणि त्या गाडीतली स्त्री गंभीर जखमी झाली. पाहुण्याने दोन-तीनच ड्रिंक घेतल्याचं सांगण्यात आलं; रक्ततपासणीवरून तज्ज्ञाने काढलेला आकडा तेराच्या घरात होता. पाहुणा झिंगलेला आहे आणि तो गाडी चालवणार आहे, हे ठाऊक असूनही यजमान पाजत राहिला, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी यजमानावरही येते, असं न्यायालयाने ठरवलं. १९८७ मध्ये राज्याने त्यावर कायदाही केला.

तेव्हा ‘अजून एक घे रे, काय होतंय!’ हा आपला आग्रह तिथे जपून करावा. माप तर जरूर ठेवावं. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे सुमारे ४४ मिलीलीटर व्हिस्की. आपला लार्ज पेग ६० चा. भारतातून नुकत्याच आलेल्या मित्राने ‘दोनच घेतले’ म्हटलं, तरी तिथल्या हिशेबाने ते जवळजवळ तीन होतात. हाताने अंदाजे ओतणाऱ्या यजमानाला हे कळतच नाही. चांदीच्या रंगाचं ते छोटं मापपात्र काउंटरवर समोरच असावं.

हा सगळा विचार इथल्या वाचकांनी का करावा? कारण सुट्टीत मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांचं अंथरूण, घरात पाहुण्यांची गर्दी झाली की, अनेकदा त्याच बेसमेंटमध्ये पडतं. यंदा जे निघणार असतील, त्यांनी पहिल्याच संध्याकाळी खाली उतरून एवढं करावं: झोपायच्या खोलीतली खिडकी स्वतःच्या हाताने उघडून पाहावी आणि त्यातून बाहेर पडता येईल का, हे मुलाला विचारावं.