पगाराची तारीख खेळालाही हवी

मैदानावरच्या माणसाने पगाराचा विषय काढला की लोक चिडतात. ‘एवढं प्रेम मिळतंय, वर पैसे कसले मागता?’ हे मी लोकलच्या लेडीज डब्यात ऐकलंय, सोसायटीच्या गच्चीवर ऐकलंय, घरच्या जेवणाच्या टेबलावरही ऐकलंय. मुलुंडच्या एका कारखान्यात पगारपत्रकं करण्यात माझी सगळी नोकरी गेली. मस्टर, ओव्हरटाइम, पीएफ, अ‍ॅडव्हान्सची कपात आणि सात तारखेच्या आत वाटप. त्यामुळे हे वाक्य माझ्या कानाला टोचतं. त्यातून मी मुंबई सिटी या फुटबॉल क्लबची चाहती. घाटकोपरहून मेट्रो धरायची, आझाद नगरला उतरायचं आणि आकाशी जर्सीतल्या पोरांच्या घोळक्यातून वीरा देसाई रोडने स्टेडियम गाठायचं, याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळत नाही. १३ मार्च २०२१ च्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला मोहन बागानवर गोल केला, तेव्हा टीव्हीसमोर मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या वहिनी धावत आल्या.

त्याच लीगचं पुढे काय झालं ते आठवा. फुटबॉल महासंघ आणि लीगचे व्यापारी हक्क घेतलेली कंपनी यांच्यातला करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. पुढचं काही ठरेना, म्हणून जुलैतच स्पर्धा लांबणीवर पडली. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडू आणि कर्मचारी दोघांचेही पगार बेमुदत थांबवले. डिसेंबरअखेरीस मुंबई सिटीच्या मालकीत वाटा असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबातून अंग काढून घेतलं. जानेवारीत सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासारख्या नावाजलेल्या खेळाडूंना व्हिडिओ काढून थेट फिफाला साकडं घालावं लागलं. शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ ला छोट्या स्वरूपात लीग सुरू झाली आणि आम्ही चाहते खूश झालो. पण मधल्या महिन्यांत ज्यांच्या घरात पगार आला नाही, त्यांचं घरभाडं काही लांबणीवर पडलं नव्हतं.

‘क्लब तोट्यात आहेत हो,’ असं मला सांगतात. असतील. आमचा कारखानाही काही वर्षं तोट्यात होता. तोटा हा मालकाचा विषय आणि केलेल्या कामाचा पगार हा कामगाराचा हक्क, ही रेघ याच मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात माणसांनी रस्त्यावर उतरून ओढलेली आहे. घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत कामगारांचे पुढारी झाले, ते याच प्रश्नांवरून. त्यांच्या सगळ्या डावपेचांशी मी सहमत नाही. पण पगार ही मेहेरबानी नव्हे, हे त्या काळाने आम्हाला शिकवलं.

मुंबईत खेळाची आणि पगाराची सांगड फार जुनी आहे. सुनील गावसकर निरलॉनकडून खेळत, अजित वाडेकर स्टेट बँकेकडून. निरलॉनचा कारखाना गोरेगावला होता. कांदिवलीत ज्यांचा कारखाना आहे त्या महिंद्रांचा फुटबॉल संघ १९६२ पासून होता, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्याने जिंकली आणि २०१० मध्ये तो बंद झाला. आमच्याही कारखान्याचा कबड्डी संघ होता. मस्टरवर त्या पोरांच्या नावापुढे सरावाच्या वेळी ‘ऑन ड्यूटी’ लिहिलं जाई आणि ते लिहिणारी मीच. एकाचा गुडघा स्पर्धेत गेला. पुन्हा तो मैदानात उतरला नाही, पण त्याला स्टोअरमध्ये बसवलं. तिथूनच तो रिटायर झाला, पीएफ आणि ग्रॅच्युइटी घेऊन. त्या व्यवस्थेत पैसा फार नव्हता. वशिलाही चालायचा. तरीही गुडघा गेल्यावर दुसऱ्या दिवशी काय, याचं उत्तर तिच्यात होतं. आजच्या लीगच्या दोन-तीन वर्षांच्या करारात ते उत्तर मला सापडत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. माझा भाचा अमेरिकेत मिशिगनमध्ये शिकतो. तिथल्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात, आणि कॉलेजच्या पोरांची अमेरिकन फुटबॉलची मॅच असली की ते भरतं. टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे, मोठ्या प्रशिक्षकांचा पगार वर्षाला कोटीभर डॉलर, आणि खेळणाऱ्या पोरांना वर्षानुवर्षं फक्त शिष्यवृत्ती. कारण काय, तर ती हौशी! २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी आम्ही कामगारच आहोत म्हणत युनियन करायला घेतली. शिकागोतल्या कामगार अधिकाऱ्याने त्यांचं म्हणणं मान्यही केलं, पण २०१५ मध्ये वरच्या मंडळाने हात झटकले. त्यानंतर दहा वर्षांनी, जून २०२५ मध्ये, न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. हे कळल्यावर मी भाच्याला विचारलं, ‘अरे, आता स्टेडियम रिकामी झाली का?’ तो म्हणाला, ‘नाही मावशी, तिकिटं मिळत नाहीत.’

गोल्फमधला वाद आणखी वेगळा. एरवी गोल्फ एकेकट्याचा खेळ, पण अमेरिका आणि युरोप यांच्यातला रायडर कप संघाने खेळतात. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ मध्ये प्रेसिडेंट्स कप खेळला, तोही असाच सांघिक. अशा स्पर्धांत बक्षिसाची रक्कम नसते, मान असतो. २०२५ च्या रायडर कपला न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजवर एका दिवसाचं तिकीट साडेसातशे डॉलरच्या आसपास होतं. आणि त्या वर्षी पहिल्यांदाच अमेरिकन संघातल्या प्रत्येकाला पाच लाख डॉलर जाहीर झाले, तीन लाख दानासाठी आणि दोन लाख स्वतःसाठी. केवढा गहजब झाला! युरोपचे खेळाडू मोबदला न घेता खेळले आणि १५-१३ ने जिंकले, तेव्हा तर पैसे घेणाऱ्यांना चांगलीच अद्दल घडली, असाच सूर होता.

मला तो सूर पटत नाही. ते गोल्फर कोट्यधीश आहेत, त्यांना त्या दोन लाखांची गरज नाही, सगळं खरं. पण तिकीट साडेसातशेला विकायचं आणि ज्यांना बघायला लोक येतात त्यांना मात्र देशप्रेम शिकवायचं, यात न्याय कुठला? ज्याला परवडतं त्याने मोबदला सोडावा, त्याचा मोठेपणा. पण आयोजकाने तो मोठेपणा गृहीत धरू नये. कारण हाच युक्तिवाद घसरत घसरत पार खाली येतो आणि ज्याला एक दिवसाचीही मजुरी सोडणं परवडत नाही, त्याच्यापाशी थांबतो.

तो माणूस मी अंधेरीच्या आमच्या स्टेडियममध्ये पाहिलाय. मध्यंतर झालं की चार-पाच जण गवतावर येतात आणि बुटांनी उखडलेले गवताचे तुकडे पायाने दाबून जागेवर बसवतात. त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. आमच्या स्टँडसमोरचा सुरक्षारक्षक तर पूर्ण सामना मैदानाकडे पाठ करून उभा असतो, नजर आमच्यावर. गोल झाला की आमच्या तोंडाकडे बघून त्याला कळतं कुणी केला ते. एकदा सामना सुटल्यावर मी एकाला विचारलं, पगार कधी होतो? म्हणाला, ‘ठेकेदार देईल तेव्हा.’

हे मी ऐकून सोडून देऊ शकत नाही. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, ओव्हरटाइम दुप्पट दराने आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र. शिवाय कामाच्या जागी ठळकपणे फलक लावून त्यावर वेतनाचे दर, पगाराचा दिवस आणि निरीक्षकाचं नाव-पत्ता लिहायचा असतो. आमच्या कारखान्याच्या गेटवर अशी माहिती काचेच्या पेटीत लावलेली असे आणि तारीख चुकली की पहिली गर्दी त्या पेटीपुढे होई.

अंधेरीचं शहाजी राजे क्रीडा संकुल महापालिकेचं, म्हणजे आपल्या करातून उभं राहिलेलं. मुलुंडचं प्रियदर्शिनी संकुलही तसंच. तिथे काम करणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराच्या माणसांसाठी तो फलक दर्शनी भागात, मराठीत असला पाहिजे. आणि लीग चालवणाऱ्यांनी हंगाम सुरू होण्याआधी खेळाडू आणि कर्मचाऱ्यांच्या पूर्ण हंगामाच्या पगाराइतकी बँक हमी प्रत्येक क्लबाकडून घेतली पाहिजे. ज्याची ऐपत नाही, त्याने संघ उतरवू नये.

आपण चाहते क्लबाकडे खेळाडू मागतो, प्रशिक्षक बदला म्हणतो, त्यासाठी बॅनर रंगवतो. पुढच्या घरच्या सामन्याला जाल तेव्हा गेटवर थांबून एवढंच विचारा, पगाराचा फलक कुठे आहे? नसेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आणि कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.