वाट कुणासाठी?

मी गोदीत ओझं वाहतो. वाट धड आहे की नाही, ते आधी टाचेला कळतं.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना वाट पाहिजे? बांधा की! पण उतारावर नाकासमोर सोडाल तर पहिल्याच पावसात तिचा ओढा होईल. डोंगराच्या अंगानं आडवी न्या, दरीकडं जराशी कलती ठेवा. पाणी आपसूक उतरेल.

तिथंच कान्हेरीला पाथरवटांनी कातळात पायऱ्या खोदल्या, पाण्याच्या टाक्या खोदल्या. शिलालेखांत नावं दात्यांची. घाम कुणाचा?

१९९७ साली हायकोर्टाचा हुकूम आला, जंगलातल्या झोपड्या मोडल्या. पाड्यातल्या वारली बाईची पायवाट त्याच्या कितीतरी आधीची. तिला विचारून आखा. नकाशात सायकलीला वाट अन् तिच्या हंड्याला फाटक असेल, तर दोस्तहो, ती वाट नव्हे. ते नवं गावकूस आहे!